आईच्या सलाईनमधलं झाड

पत्र : माझी आई ६१ वर्षांची आहे. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि आता दर तीन आठवड्यांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन अशी केमो चालू आहे. सहापैकी तीन झाल्या. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं असून एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात काम करते. रात्री आई झोपली की शोधनिबंध वाचत बसते. हळद, लक्ष्मणफळ, गव्हांकुर, समुद्री शेवाळातलं फ्युकॉइडन, प्रत्येकाबद्दल ‘कॅन्सरच्या पेशी मरतात’ असं छापलेलं सापडतं. धाकटा मामा ओळखीतून एक काढा घेऊन आलाय, आतेभावाने अमेरिकेहून शेवाळाच्या कॅप्सूल पाठवल्यात. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून आई गॅलरीतल्या सदाफुलीची दोन पानं रोज सकाळी चावून खाते. मामा म्हणतो, केमो म्हणजे विष, झाडपाल्याने फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना. डॉक्टर मान वर न करता ‘काही घेऊ नका’ म्हणाले. मग हे लपवून द्यायचं की बंद करायचं? मी वाचते त्याचा आईला काही उपयोग आहे का? आणि सदाफुलीची कुंडी फेकून देऊ का?
– आईची धाकटी, नाशिक

उत्तर : आधी मामांना एक गोष्ट सांगा. त्यांची ताई दर तीन आठवड्यांनी हातात सुई टोचून जे घेते त्यातलं एक औषध झाडपालाच आहे. पॅक्लिटॅक्सेल आलं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘यू’ नावाच्या सुचिपर्णी झाडाच्या सालीतून. आणि ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक होता आपल्या नंदुरबारचा. मनसुख वाणी. १९२५ साली नंदुरबारात जन्म, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र, मग अमेरिकेत पीएच.डी. आणि १९६२पासून नॉर्थ कॅरोलिनातल्या एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्या जोडीला काम. २०२० साली ते गेले तेव्हा आपल्याकडे फारशी कुणी दखल घेतली नाही, सगळे टाळेबंदीत अडकलेले होते. मी तीस वर्षं फार्मसी कॉलेजात औषधी वनस्पतींचा विषय शिकवला. दर वर्षी वाणींचं नाव घेतलं की खानदेशातली पोरं ताठ बसायची.

गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगते, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिच्यात आहेत. १९६२ साली आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्याच्या जंगलात ती साल गोळा केली. अमेरिकी सरकारच्या कॅन्सर संस्थेने तेव्हा जंगलंच्या जंगलं चाळायला घेतली होती. १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५,००० वनस्पतींचे १,१४,००० अर्क तपासले गेले. त्यांतून माणसाला द्यायच्या लायकीचं जे उरलं ते हाताच्या बोटांवर मोजावं इतकं. वॉल आणि वाणी यांना १२ किलो सुक्या मालातून शुद्ध द्रव्य मिळालं अर्धा ग्रॅम. त्याची रचना त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केली. ते पेशीत नेमकं काय करतं हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ साली दाखवलं. पेशी दुभंगताना आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. हे औषध तो मोडूच देत नाही, मग पेशी अर्ध्या वाटेत अडकून मरते. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली १९९२ साली. साल सोलल्यापासून बरोबर तीस वर्षांनी.

आणखी एक गंमत. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून देतात. त्या द्रावकाचीच काहींना जोरदार ॲलर्जी येते, त्यासाठी आधी स्टेरॉइड देतात. डे-केअरमध्ये सिस्टर अर्धा तास आधी जी छोटी इंजेक्शनं टोचतात ना, त्यांत हा हिशेब असतो. एरंडेल म्हणजे आपल्या आज्ज्यांचं रामबाण औषध, पण शिरेतून जाताना तेसुद्धा निरुपद्रवी नाही.

म्हणजे मामांचं ‘केमो म्हणजे विष’ हे बरोबरच आहे. फक्त त्यातलं एक विष झाडानेच तयार केलेलं आहे, आणि कुणाला, किती, किती दिवसांनी द्यायचं हे हजारो रुग्णांवर मोजून ठरवलेलं आहे. झाडं ही रसायनं आपल्यासाठी बनवत नाहीत. किडीने, बुरशीने आणि चरणाऱ्या जनावराने आपल्याला खाऊ नये म्हणून बनवतात. ‘नैसर्गिक म्हणजे सौम्य’ ही समजूत नेमकी कुठून आली मला ठाऊक नाही. कण्हेर आणि धोतरा अंगणात असलेल्या माणसांत तरी ती नसायला हवी होती.

आता सदाफुली. ही मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे इतकी रुळली की तुळशीशेजारी तिची कुंडी असतेच. १९५२ साली कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकाहून आलेली सदाफुलीची पानं पोचली. तिकडचे लोक त्यांचा काढा मधुमेहावर घ्यायचे. उंदरांना अर्क तोंडावाटे दिला तर साखर काही उतरली नाही. टोचून दिला तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. पांढऱ्या पेशी पाडणारं द्रव्य ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, उपयोगी पडेल का, हा प्रश्न तिथून सुचला. १९५८पर्यंत नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिनब्लास्टीन वेगळं केलं, आणि अमेरिकेतल्या एका कंपनीत त्याचंच भावंड व्हिंक्रिस्टीन सापडलं. लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही ते वापरतात. एक ग्रॅम व्हिनब्लास्टीनसाठी सुमारे ५०० किलो सुकी पानं लागतात. व्हिंक्रिस्टीन मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, त्यापलीकडे नसांना इजा होते.

तुम्ही क्वालिटीत आहात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. आईच्या दोन पानांत औषध म्हणून उपयोगी पडेल इतकं काही नाही. पण त्या पानात ही दोनच द्रव्यं नसतात, शंभरावर अल्कलॉइड आहेत. आणि चौथ्या केमोच्या उंबरठ्यावर, आधीच पांढऱ्या पेशींचा काउंट खाली जाणार असताना, ज्या झाडाची ओळखच पांढऱ्या पेशी पाडणारं अशी झाली त्याची पानं रोज चावायला मी सांगणार नाही. ते उद्यापासून बंद.

आपल्या सह्याद्रीतही असं एक झाड आहे, नरक्या. लाकूड-पाल्याला घाण वास म्हणून हे नाव. कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वॉल आणि वाणी यांनीच १९६६ साली एका चिनी झाडातून काढलं होतं. आपल्या नरक्यात ते भरपूर आहे हे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. पण तेच द्रव्य रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव व्हायला लागला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं झाली, अमेरिकेत ती मंजूर झाली १९९६ साली. टोपोटेकॅन अंडाशयाच्याच कॅन्सरमध्ये वापरतात. इकडे नरक्याची मात्र चोरून इतकी तोड झाली की कोकण-घाटमाथ्यावर तो शोधावा लागतो. मला एका विद्यार्थ्याने एकदा पिशवीभर साल आणून दिली होती, कौतुकाने. मी त्याला ओरडले आणि दिवसभर वाईट वाटत राहिलं.

समुद्राकडे येऊ, कारण आतेभावाच्या कॅप्सूल तिथल्या आहेत. समुद्रातून खरंच औषधं आली आहेत. फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजमध्ये वेर्नर बर्गमन यांना विचित्र घडणीची न्यूक्लिओसाइडं (डीएनए ज्यांपासून बनतो तसे घटक) सापडली, त्यांच्या धर्तीवर सायटॅराबीन तयार झालं, १९६९ साली ते मंजूर झालं आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही ते पहिल्या फळीत आहे. मॉरिशसजवळच्या ‘समुद्री ससा’ म्हणवणाऱ्या गोगलगायीसारख्या जीवातल्या द्रव्यावरून घेतलेला रेणू प्रतिपिंडाला जोडून हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये देतात. मला सगळ्यात थक्क करतो तो जपानी स्पंज. ६०० किलो स्पंजमधून हॅलिकॉन्ड्रिन बी मिळालं साडेबारा मिलिग्रॅम! तेवढ्यासाठी समुद्र खरवडणं शक्य नव्हतं. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी रेणूचा कामाचा अर्धा भाग ओळखला आणि साठाहून अधिक पायऱ्या चढत तो प्रयोगशाळेत बांधला. तेच एरिब्युलिन, २०१० साली स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेलं. आपल्याकडे गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही समुद्री जीवांतल्या रसायनांवर काम चालतं.

पण यातलं एकही ‘वाळवून, कुटून, कॅप्सूलमध्ये भरून’ आलेलं नाही. तसं जे आलं त्याचं उदाहरण म्हणजे मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कूर्चेची पावडर. शार्कला कॅन्सर होत नाही, या भुलीवर ती जगभर खपली. होतो, शार्कलाही होतो. कूर्चेपासून काढलेला अर्क फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांवर नीट तुलना करून तपासला, निकाल २०१०मध्ये छापून आला : आयुष्य एका दिवसानेही वाढल्याचं दिसलं नाही. फ्युकॉइडन हे शेवाळातलं साखरेच्या साखळ्यांचं मोठं थोरलं रसायन. प्रयोगशाळेत त्याला रक्त पातळ ठेवणारा, हेपारिनसारखा गुण दिसतो. कार्बोप्लॅटिनने प्लेटलेट उतरतात हे तुम्हाला रिपोर्टवरून माहीत असेल. शिवाय तपकिरी शेवाळात आयोडीन बेसुमार असू शकतं, आईला थायरॉइड असेल तर ते वेगळंच लचांड. कॅप्सूल कपाटात ठेवा, आतेभावाला मनापासून धन्यवाद द्या.

तुमच्या वाचनाबद्दल. ‘पेशी मरतात’ हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता त्याचं काही वाटत नाही. काचेच्या ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशी व्हिनेगरनेही मरतात. पुढच्या वेळी निबंध उघडला की सारांश वाचायच्या आधी तीन गोष्टी शोधा : प्रयोग ताटलीत, उंदरात की माणसात, किती तीव्रतेचं द्रावण वापरलं, आणि गिळल्यावर तेवढी तीव्रता माणसाच्या रक्तात कधी पोचली आहे का. हळदीतलं कर्क्युमिन तिसऱ्या प्रश्नाशी येऊन अडतं. दिवसाला आठ-आठ ग्रॅम देऊनही रक्तात जेमतेम उतरतं. शिवाय ते चाचणीच्या रसायनांशीच लुडबुड करून खोटा ‘होकार’ देतं. अमेरिकी औषधरसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकाने २०१७ साली कर्क्युमिनचा सगळा लेखाजोखा मांडला, त्यात तुलनागट ठेवून केलेली एकही दुहेरी-आंधळी चाचणी (खरं औषध कुणाला मिळालं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली) यशस्वी ठरल्याचं आढळलं नाही. हळदीचं पेटंट आपण अमेरिकेकडून १९९७ साली लढून रद्द करून घेतलं याचा मला आजही अभिमान आहे, पण ते जखमेवर लावण्याबद्दल होतं. आमटीतली हळद बिनधास्त चालू द्या. मिरीच्या अर्कासकट येणाऱ्या गोळ्या नकोत. मिरीतलं पायपरिन लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइमं अडवतं, आणि पॅक्लिटॅक्सेल त्यांतल्याच काहींच्या हातून मोडतं. हळदीच्या अशा गोळ्यांनी लिव्हर बिघडल्याचे रुग्णही नोंदले गेलेत.

लक्ष्मणफळ ‘केमोपेक्षा दहा हजार पट’ हा निरोप मलाही दर दोन महिन्यांनी येतो. त्या फळातलं ॲनोनॅसिन मेंदूच्या पेशींना घातक आहे. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ही फळं-पानं नेहमी खाणाऱ्यांत कंपवातासारखा आजार जास्त दिसल्याचं १९९९ सालीच प्रसिद्ध झालंय. आईच्या बोटांना मुंग्या येतात का, पत्रात लिहिलं नाहीत, पण पॅक्लिटॅक्सेलने अनेकांना येतात. त्यात नसांवर परिणाम करणारं दुसरं काही नको. गव्हांकुराचा कच्चा रस काउंट खाली असताना टाळा, त्यात जंतू राहू शकतात. आणि थर्मामीटर १००.४च्या वर गेला तर कुठलाही काढा न उकळता, रात्रीचे दोन वाजले असले तरी, तडक हॉस्पिटल गाठा.

मामांच्या काढ्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्यात काय आहे हे तुम्ही लिहिलं नाही. बहुधा तुम्हालाही सांगितलेलं नाही. देणाऱ्याकडून घटक आणि मात्रा कागदावर लिहून मागा. शिकलेला वैद्य ते लिहून देतो, आणि ‘केमो चालू आहे’ म्हटल्यावर बऱ्याचदा स्वतःच हात आखडता घेतो. जो लिहून देत नाही, आणि वर कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करतो, तो १९५४च्या औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यानुसार गुन्हा करतो आहे. काढ्यात गुळवेल असायची शक्यता मोठी. करोनाच्या वर्षात, २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबर दरम्यान, मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांना गुळवेल घेतलेले सहा रुग्ण काविळीसारखी लक्षणं घेऊन आलेले दिसले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तो वाद आहे. पण वादातली वस्तू केमोच्या मध्यावर आपल्या घरात कशाला?

हे मी दुरून सांगत नाही. माझ्या थोरल्या भावाने केमोच्या काळात आमच्यापासून लपवून असाच काढा घेतला. मी याच विषयाची मास्तरीण, म्हणून मला तर मुळीच कळू दिलं नाही. लिव्हरचे आकडे चढले, पुढची केमो तीन आठवडे लांबली, आणि डॉक्टर औषधाचा डोस कमी करत बसले, कारण त्यांना वाटलं केमोनेच झालं. शेवटी वहिनीने पिंप साफ करताना काढ्याची बरणी पाहिली. लपवल्याने काढा चुकीचा ठरत नाही, इलाज चुकीचा ठरतो.

म्हणून, लपवायचं नाही. डॉक्टरांना ‘काही घेतलं तर चालेल का’ असं विचारलंत, त्याचं उत्तर घाईत ‘काही घेऊ नका’ असंच येणार. ओपीडीत त्यांच्यासमोर साठ माणसं असतात, हा त्यांचा बचाव नाही, पण वस्तुस्थिती आहे. पुढच्या वेळी काढ्याची बाटली, कॅप्सूलचा डबा, सदाफुलीचं पान, सगळं एका पिशवीत घालून टेबलावर ठेवा. ‘आईने हे इतके दिवस, इतकं घेतलं आहे, आता थांबवलं आहे, लिव्हरची तपासणी (एलएफटी) पाहायची का?’ या प्रश्नाला मान वर करावीच लागते. शेवटचं कधी घेतलं त्या तारखा लिहून न्या.

मामांचं काय करायचं हा खरा अवघड भाग. बहीण खंगताना दिसते आणि आपल्या हाताला काही काम नाही, हे त्यांना सहन होत नाहीये. काढा हे त्यांचं काम आहे. तो हातातून काढून घेतलात तर दुसरं द्या, खरंखुरं. केमोच्या दिवशी आईला नेणं-आणणं, विम्याचे कागद, रक्त लागलं तर माणसं उभी करणं, रोज संध्याकाळी ताप आणि मुंग्या वहीत टिपणं. वाद घालताना त्यांना आकडा लागला तर हा घ्या : अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीचा इलाज नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ जणांचा मृत्यूचा धोका नेहमीचा इलाज घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला. पण आकड्यापेक्षा नंदुरबार लवकर पटेल असं मला वाटतं.

आणि तुमची रात्र. लक्ष्मणफळावर ती घालवू नका. आईच्या गाठीची किंवा रक्ताची बीआरसीए तपासणी, म्हणजे त्या नावाच्या जनुकांत दोष आहे का हे पाहणारी, झाली आहे का, हे फाइलमध्ये बघा. झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ती करायला सांगतात, कारण दोष निघाला तर केमोनंतर देण्याच्या गोळ्या आहेत, ओलापॅरिबसारख्या. आणि तो दोष आनुवंशिक असेल तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी आहे. तुम्ही ‘धाकटी’ म्हणता, म्हणजे थोरली बहीण किंवा भाऊ आहे. त्यांनाही हे लागू. चाचणीत सामील होण्यासारखं काही आहे का ते पाहायचं असेल तर भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, सगळ्यांना खुली आहे. वनस्पतींवरच्या चाचण्याही तिथे सापडतील. तिथे नोंद नसलेली ‘चाचणी’ कुणी पैसे घेऊन देऊ केली तर वाटेला जाऊ नका. तुम्हाला निबंध वाचता येतात, हे घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. ते या कामाला लावा.

सदाफुलीची कुंडी फेकू नका. आईने लावलेली असेल. पाणी घालायचं काम तिचंच राहू द्या, फक्त मातीत हात घालताना हातमोजे घालायला सांगा, काउंट वर येईपर्यंत. आणि काकूंना पांढरी हवी असेल तर फांदी द्या, चावायला नाही, लावायला.